दोन नेटवर्क कार्डांच्या लिनक्स संगणकावर नेट सारखं तुटतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण ते देवगड या पट्ट्यात होमस्टे, आंबा बागायतदारांची ऑफिसं, ग्रंथालयं, सेवा केंद्रं अशा ठिकाणी मी लिनक्सचे संगणक लावून देतो आणि अडले की बघायला जातो. इथे एका जोडणीवर भागत नाही. फायबरची तार खांबांवरून येते आणि पावसाळ्याच्या पहिल्या वाऱ्याला तिच्यावर माडाची झावळ नाहीतर आख्खी फांदी पडते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून गेलं तेव्हा तर खांबच आडवे झाले होते. वीज बराच वेळ नसली की मोबाइल टॉवरची बॅटरीही संपते. म्हणून लोक दोन जोडण्या घेतात, संगणकात दुसरं कार्ड बसवतात, एकात फायबर आणि दुसऱ्यात ४जी राउटर लावतात. हे शहाणपणाचंच आहे. पण दोन तारा खुपसल्या म्हणजे काम संपलं, असं होत नाही. ‘लाइन खराब आहे’ म्हणून मला बोलावलं जातं तेव्हा बऱ्याचदा लाइन धडधाकट असते. पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, कुठल्या वाटेने गेलं एवढंच कुणी पाहिलेलं नसतं.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

‘तार लावलेली आसा, लाइटय लागता, पण नेट नाय.’ दुसरं कार्ड चालू असताना ते मदतीला का येत नाही?

कारण पहिलं कार्ड बंद पडलंय हे संगणकाला कळलेलंच नसतं. कार्ड फक्त आपल्या तारेचं दुसरं टोक जिवंत आहे का ते बघतं. ते टोक असतं तुमच्याच घरातल्या फायबरच्या डब्यात, आणि तो डबा इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालू असतो. फायबर तुटलंय ते कित्येक किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दृष्टीने वाट उघडी आहे, म्हणून तो पॅकेट त्याच वाटेने पाठवत राहतो.

‘आयपी राउट’ ही कमांड द्या. ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील, प्रत्येकीच्या शेवटी मेट्रिक नावाचा आकडा. ज्या ओळीचा आकडा लहान ती वाट आधी. नेटवर्क मॅनेजर (जोडण्या सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) तारेच्या कार्डाला १००, वायफायला ६०० आणि मोबाइल मोडेमला ७०० देतो. दोन्ही कार्डं तारेची असली तर दुसऱ्याला १०१ मिळतो. पहिली ओळ या यादीत, म्हणजे राउटिंग टेबलात, आहे तोवर दुसरीकडे कुणी बघत नाही.

यावर दोन उपाय आहेत. नेटवर्क मॅनेजर असेल तर त्याची कनेक्टिव्हिटी तपासणी चालू करा. तो ठरावीक वेळाने एका वेब पत्त्यावर जाऊन येतो, आणि एखाद्या कार्डावरून ते जमलं नाही तर त्या कार्डाच्या डिफॉल्ट वाटेच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो. वाट आपोआप मागे पडते आणि दुसरी पुढे येते. पण ही तपासणी मुळात दर ३०० सेकंदांनी होते, म्हणजे नेट गेल्यावर पाच मिनिटं कुणीतरी ओरडणारच. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘कनेक्टिव्हिटी’ या भागात ‘इंटरव्हल’ ६० करा. डेबियन, उबंटू आणि फेडोरामध्ये तपासणीचा पत्ता वेगळ्या छोट्या पॅकेजमधून येतो, ते बसवलेलं आहे का तेही बघा. पत्ताच नसेल तर तपासणी होतच नाही.

नेटवर्क मॅनेजर नसलेल्या मशीनवर मी एक छोटी स्क्रिप्ट ठेवतो. ती पहिल्या कार्डावरून बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करते, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तराची वाट बघते. घरातल्या राउटरला पिंग करून उपयोग नाही, तो नेहमीच उत्तर देतो. पत्ते दोन, कारण एखाद वेळी समोरचा सर्व्हरच गप्प असतो. एक पिंग चुकलं म्हणून वाट बदलू नका; लागोपाठ तीन चुकली तर बदला. परत येताना मात्र घाई नको, दहा पिंग ओळीने यशस्वी झाले की मगच मूळ वाटेवर या. हा फरक ठेवला नाही तर फडफडणाऱ्या लाइनबरोबर संगणकही दर मिनिटाला इकडून तिकडे उड्या मारतो, आणि ते नेट नसण्यापेक्षा वाईट.

शोधाशोध कुठून सुरू करू?

एका वेळी एकच कार्ड. दुसऱ्याची तार खरोखर काढून बाजूला ठेवा. मग या क्रमाने जा: आधी राउटरला पिंग, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग, मग एखाद्या नावाला पिंग. पहिलं अडलं तर दोष घरात आहे. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं तर लाइन. पहिली दोन चालली आणि नाव अडलं तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. आता कार्डं बदला आणि तेच पुन्हा करा.

दोन्ही कार्डं एकेकटी नीट चालतात आणि एकत्र आली की बिनसतं, असं निघालं तर तारांकडे, कंपनीकडे बघणं सोडा. गोंधळ वाटांचा आहे. तेव्हा ‘आयपी राउट गेट ८.८.८.८’ द्या. या पत्त्याकडे जायला कर्नल आत्ता कुठलं कार्ड आणि कुठला स्वतःचा पत्ता वापरेल, हे ती कमांड एका ओळीत सांगते. मला एकच कमांड लक्षात ठेवायची मुभा असती तर मी हीच ठेवली असती.

दोन्ही तारा लावलेल्या असताना एखाद्याच वाटेची परीक्षा घ्यायची तर पिंगला मोठ्या अक्षरातलं आय हे ऑप्शन आणि पुढे कार्डाचं नाव द्या. एमटीआर हे साधन पंधरा मिनिटं चालू ठेवलं तर गळती कुठल्या टप्प्यावर होते ते दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा: मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के गळती आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, असं असेल तर काहीही बिघडलेलं नाही. मधले राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मागे ठेवतात, तेवढंच.

दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. चालेल का?

नाही. आणि मला भेटणाऱ्या गोंधळांत हा सगळ्यात नेहमीचा. फायबरचा डबा आणि ४जी राउटर पुष्कळदा कारखान्यातूनच एकसारखा पत्ता घेऊन येतात. संगणकाला दोन्ही कार्डांपलीकडे तीच गल्ली दिसते. १९२.१६८.१.१ म्हणजे कुठला राउटर, १९२.१६८.१.२० वरचा प्रिंटर कुठल्या बाजूला, हे तो मेट्रिक बघून ठरवतो आणि ते चुकू शकतं.

एका बागायतदाराकडे एप्रिलमध्ये, पेट्या भरायची ऐन गर्दी असताना, पावत्यांचा प्रिंटर सकाळी चालायचा आणि दुपारी गायब व्हायचा. प्रिंटर बदलून झाला, केबल बदलून झाली. खरं म्हणजे सकाळी फायबरचं कार्ड एकटं असायचं, आणि दुपारी कुणीतरी ४जी राउटर चालू करायचं. ४जी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा घरातला पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि प्रश्न मिटला. दुसरी जोडणी घेतलीत की हे पहिल्या दिवशीच करून टाका.

दोन्ही कार्डं एकाच नेटवर्क स्विचला जोडली तर वेग दुप्पट होईल ना?

होणार नाही, उलट त्रास वाढेल. लिनक्सच्या लेखी आयपी पत्ता हा कार्डाचा नसतो, सगळ्या संगणकाचा असतो. स्विचवर कुणी हाळी दिली, ‘हा पत्ता कुणाचा?’, की दोन्ही कार्डं ‘माझा’ म्हणून उत्तर देऊ शकतात. ज्याचं उत्तर धरलं जाईल त्याचा हार्डवेअर पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) समोरचा लक्षात ठेवतो. मग कधी या कार्डावर पॅकेट येतं, कधी त्या. बघणाऱ्याला वाटतं, नेट ‘मधीच जाता, मधीच येता’.

एकाच स्विचवर दोन कार्डं हवीच असतील तर बाँडिंग करा आणि ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ प्रकार निवडा. त्यात दोन्ही कार्डांचा मिळून एकच पत्ता असतो, एक काम करतं आणि दुसरं वाट बघतं. स्विच साधा असला तरी चालतं. काही कारणाने पत्ते वेगळेच ठेवायचे असतील तर कर्नलच्या सेटिंगमध्ये ‘आर्प_इग्नोर’ १ आणि ‘आर्प_अनाउन्स’ २ करा.

लॅपटॉपवर तार आणि वायफाय दोन्ही एकाच राउटरला जोडलेली असणं हाही याच जातीचा प्रकार. नुसतं नेट बघण्यापुरतं ते चालून जातं, कारण मेट्रिक वेगळे असतात. दुसऱ्या मशीनवरून त्या लॅपटॉपवर फाइल घ्यायला गेलात की अडखळतं. तार लावलीत तर वायफाय बंद करा.

बाहेरून दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावर जोडलं तर काहीच होत नाही. पहिल्या लाइनवरून सगळं दिसतं. का?

आधी एक गोष्ट बघा: दुसरी लाइन मोबाइलची असेल तर तिला बाहेरून पोचता येईल असा पत्ता आहे का? राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, किंवा १० ने होत असेल, तर कंपनीने तो पुष्कळ ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे बाहेरून थेट आत येता येणार नाही, तुम्ही लिनक्सवर काहीही करा. संगणकानेच आतून बाहेर व्हीपीएन (नेटमधून काढलेली खासगी वाट) जोडायची आणि तुम्ही तिच्यातून यायचं, ही एक वाट राहते.

पत्ता खरा असेल तर कारण वेगळं. विनंती दुसऱ्या दाराने आत आली, पण उत्तर पाठवताना कर्नलने नेहमीप्रमाणे लहान मेट्रिकचं पहिलं दार धरलं. बाहेरच्या माणसाने हाक मारली एका घराला आणि ओ आली दुसऱ्याच घरातून. तो ती ओळखत नाही आणि जोडणी होत नाही. उपाय असा, की दुसऱ्या कार्डाच्या पत्त्यावरून निघणाऱ्या पॅकेटसाठी वेगळं राउटिंग टेबल ठेवायचं. समजा दुसऱ्या कार्डाचं नाव ईएनपी४एस०, त्याचा पत्ता १९२.१६८.५०.२ आणि राउटर १९२.१६८.५०.१ आहे:

आयपी राउट ॲड १९२.१६८.५०.०/२४ डेव्ह ईएनपी४एस० टेबल १००
आयपी राउट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.५०.१ डेव्ह ईएनपी४एस० टेबल १००
आयपी रूल ॲड फ्रॉम १९२.१६८.५०.२ टेबल १००

पहिली ओळ लोक विसरतात, आणि मग शेजारच्याच मशीनला जाणारं पॅकेटही राउटरला वळसा घालून जातं. या ओळी रीबूटनंतर पुसल्या जातात. चालतंय असं दिसलं की त्या नेटवर्क मॅनेजरच्या जोडणीतच कायमच्या लिहा, तिथे ‘राउट्स’ आणि ‘राउटिंग-रूल्स’ असे दोन्ही रकाने आहेत.

हे करूनही अडत असेल तर ‘आरपी_फिल्टर’ हे कर्नलचं सेटिंग बघा. त्याची किंमत १ असेल तर कर्नल आलेल्या प्रत्येक पॅकेटला विचारतो, ‘तुला उत्तर द्यायचं तर मी याच कार्डावरून दिलं असतं का?’ उत्तर ‘नाही’ असं आलं की पॅकेट टाकून देतो, गुपचूप. दोन जोडण्यांच्या मशीनवर ते २ ठेवा, म्हणजे कुठल्याही कार्डावरून परतीची वाट असली तरी पुरे. इथे एक खाचखळगा आहे: ‘ऑल’ची आणि त्या कार्डाची अशा दोन किमतींतली मोठी धरली जाते. कार्डाची ० केलीत आणि ‘ऑल’ची १ राहिली तर काहीच बदलत नाही. ‘लॉग_मार्शियन्स’ चालू केलंत तर टाकून दिलेली पॅकेट कर्नलच्या नोंदींत दिसू लागतात. टीसीपीडंपने (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) त्या कार्डावर पॅकेट येताना दिसतंय आणि उत्तर जाताना दिसत नाही, ही याचीच खूण.

होमस्टेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. लिनक्स मशीन गेटवे आहे, म्हणजे बाकीच्यांचं नेट तिच्यातून जातं, आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर तिच्या मागे, असं असेल तर वरचा ‘फ्रॉम’ नियम पुरणार नाही. रेकॉर्डरचं उत्तर गेटवेपाशी येतं तेव्हा त्याच्यावर रेकॉर्डरचा घरातला पत्ता असतो, नियमातला नाही. तिथे आत येतानाच जोडणीवर खूण मारावी लागते आणि ती खूण बघून परतीचं टेबल निवडावं लागतं. फायरवॉलमध्ये याला कनेक्शन मार्क म्हणतात.

पिंग झकास, पण बँकेचं पान अर्धवट उघडून थांबतं. मोबाइल लाइनवर असं होत नाही.

पॅकेटच्या आकाराचा प्रश्न आहे, म्हणजे एमटीयूचा. इथरनेटवर तो १५०० असतो. फायबरची जोडणी युजरनेम-पासवर्डवाली, म्हणजे पीपीपीओईची असेल तर ८ बाइट त्यातच खर्च होऊन १४९२ उरतात. छोटी पॅकेट निघून जातात, पूर्ण भरलेली अडतात. ‘आकार कमी करा’ हा निरोप वाटेत कुणी फायरवॉलने गिळला तर पान तसंच लटकत राहतं.

‘पिंग -एम डू -एस १४७२’ आणि पुढे बाहेरचा पत्ता द्या. यातलं एम मोठं. १४७२ मध्ये २८ बाइटचं शीर्षक मिळवलं की १५०० होतात. हे अडलं आणि १४६४ गेलं तर तुमची लाइन १४९२ ची. तेही अडलं तर आणखी खाली या. जो आकडा सापडेल त्यात २८ मिळवून त्या कार्डाचा एमटीयू तेवढा ठेवा. लिनक्स मशीन इतरांना नेट देत असेल तर फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगही (इतरांची पॅकेटही त्या आकारात बसवणारी सोय) चालू करा, नाहीतर तुमचं नीट चालेल आणि पाहुण्यांच्या फोनवर तक्रार राहील.

कधीकधी पान पाच सेकंद अडतं आणि मग झपकन उघडतं.

पाच सेकंद हीच खूण. नाव शोधताना संगणक पहिल्या डीएनएस सर्व्हरला विचारतो, पाच सेकंद थांबतो आणि मग दुसऱ्याला विचारतो. दोन कंपन्यांच्या जोडण्या असल्या की दोघींचे सर्व्हर यादीत येतात, आणि काही कंपन्यांचे सर्व्हर आपल्या जाळ्याबाहेरून आलेल्या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. फायबरच्या कंपनीचा सर्व्हर, विचारणा मोबाइलच्या वाटेने, तर गप्प. जुनी रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल तर तीनच सर्व्हर मानते, चौथा लिहिलात तरी वाचत नाही. कुठल्या कार्डाला कुठला सर्व्हर लागलाय ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दाखवते. दोन्ही जोडण्यांवर एकच सार्वजनिक डीएनएस ठेवा, कुठल्याही वाटेने उत्तर देणारा.

दर थोड्या वेळाने नेट जातं, नोंदींत ‘लिंक इज डाउन’, ‘लिंक इज अप’ असं दिसतं.

हे मात्र वाटांचं काम नाही. तार, टोक, पोर्ट नाहीतर कार्ड. समुद्रापासून जवळ असाल तर आधी टोक बघा. खाऱ्या दमट हवेत कनेक्टरच्या दातांवर हिरवट-काळपट थर चढतो, आणि मुलामा स्वस्तातला असेल तर तो लवकर चढतो. तार काढून पुन्हा घातली की दोन दिवस चालतं, मग परत तेच. असं दोनदा झालं की टोक कापून नवीन क्रिंप करा. पुसत बसू नका.

‘ईथटूल’ पुढे कार्डाचं नाव द्या आणि वेग बघा. गिगाबिट कार्ड गिगाबिट स्विचला जोडलेलं असून वेग १०० दाखवत असेल तर तारेतल्या चारपैकी एखादी जोडी मेली आहे: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. ‘हाफ डुप्लेक्स’ दिसलं तर एका टोकाला वेग हाताने ठरवलेला आहे आणि दुसऱ्या टोकाला ऑटो. ऑटोवाल्या टोकाला समोरून उत्तर मिळत नाही आणि ते हाफवर जातं. मग थोडं काम ठीक चालतं आणि मोठी फाइल सुरू झाली की सगळं रांगतं. दोन्हीकडे ऑटो ठेवा. ‘आयपी -एस लिंक’ दहा-दहा मिनिटांनी द्या. चुकांचे आकडे चढत असतील तर तार दोषी.

तार घेताना शुद्ध तांब्याचीच घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास मिळते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण वाकवली की मोडते आणि दमट हवेत टोकापाशी खराब होते. अंगणातून नेलेली साधी घरातली तारही उन्हात तडकते आणि पहिल्या पावसात पाणी पिते. जांभ्याच्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय पोचत नाही म्हणून लोक अशी तार ओढतात, ते मी समजू शकतो. पण दोन इमारतींमध्ये तांब्याची तार नकोच. मे महिन्यातल्या वळिवाच्या आणि परतीच्या पावसाच्या विजा जवळपास जरी पडल्या तरी त्या तारेतून दोन्ही टोकांची पोर्टं जाळतात. तिथे फायबरचा तुकडा आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेतून वीज जात नाही. जळालेलं पोर्ट कधीकधी पूर्ण मरत नाही, अर्धवट चालतं. अशा वेळी स्विचचं दुसरं पोर्ट वापरून बघणं हा पाच मिनिटांचा प्रयोग पुष्कळ डोकेफोड वाचवतो.

तार नवी, स्विच नवा, तरी कार्ड अडकतं.

‘डीमेसेज’ (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) देऊन कर्नलच्या नोंदी वाचा. ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ असं दिसलं तर कार्ड किंवा ड्रायव्हर अडकलाय. बहुतेक वेळा मूळ वीज वाचवण्याच्या सोयींत असतं. रिअलटेकच्या काही चिपांना पीसीआय एक्स्प्रेसची एएसपीएम ही बचत मानवत नाही. इंटेलच्या काही कार्डांवर ‘हार्डवेअर युनिट हँग’ अशी ओळ येते आणि ईथटूलने टीएसओ (पॅकेट पाडायचं काम कार्डावर सोपवणारी सोय) बंद केल्यावर थांबते. एनर्जी एफिशियंट इथरनेटही बंद करून बघा. यूएसबीचं कार्ड असेल तर ऑटोसस्पेंड, वायफाय असेल तर पॉवर सेव्ह. नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, पुष्कळ जण उलटं समजतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक दिवस जाऊ द्या.

मोबाइलचा डेटा लवकर संपतो, फायबर तर चालूच होतं!

हा प्रश्न ऐकला की मी आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, बघतो; जुनी ती आयपीव्ही४. तुमच्या फायबरवर आयपीव्ही६ नाही आणि मोबाइलवर आहे, असं सहज असू शकतं. मेट्रिक तुम्ही आयपीव्ही४ चे जुळवलेत. आयपीव्ही६ चं टेबल वेगळं, आणि त्यात एकच वाट आहे, मोबाइलची. ज्या साइटला दोन्ही पत्ते असतात तिथे संगणक बहुधा आयपीव्ही६ आधी धरतो. म्हणजे मोठमोठ्या व्हिडिओ साइट दिवसभर तुमच्या राखीव लाइनवरून चालतात आणि फायबर रिकामं बसतं. मोबाइल अशक्त असेल तर ‘काही साइट मंद, काही वेगवान’ अशी तक्रार येते, तिचंही मूळ हेच.

‘आयपी -६ राउट’ देऊन खात्री करा. मग मोबाइलच्या जोडणीवर आयपीव्ही६ बंद करा. गरज पडेल तेव्हा ती आयपीव्ही४ वर तुम्हाला सांभाळून घेईल.

वीज येते, संगणक आपोआप सुरू होतो, पण नेट येत नाही. तार काढून घातली की येतं.

संगणक राउटरच्या आधी जागा झाला. राउटर अजून उठतोय, पत्ता देणारं कुणी नाही. नेटवर्क मॅनेजर ४५ सेकंद थांबतो, चार वेळा प्रयत्न करतो आणि मग काही काळ गप्प बसतो. ज्या भागात दिवसातून तीनदा वीज जाते तिथे ही मर्यादा काढलेली बरी: जोडणीत ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ ० करा, म्हणजे तो थकत नाही. दोन्ही राउटर आणि मधला स्विच संगणकाच्याच इन्व्हर्टरवर घ्या. स्विच विसरला जातो.

रीबूटनंतर दोन कार्डांची अदलाबदल होते.

ईटीएच०, ईटीएच१ ही नावं जे कार्ड आधी सापडेल त्याला मिळायची, म्हणून असं व्हायचं. २०१३ पासून सिस्टिमडी (लिनक्स सुरू करून सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) कार्डाच्या जागेवरून नाव ठेवतो, ईएनपी३एस० वगैरे. तुमच्याकडे जुनी पद्धत मुद्दाम चालू ठेवली असेल तर ती सोडा. नवीन पद्धतीतही कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं की नाव बदलतं. हार्डवेअर पत्त्यावरून स्वतःचं नाव ठेवायची ‘लिंक’ फाइल लिहा. मी ‘फायबर०’ आणि ‘मोबाइल०’ अशी नावं ठेवतो, फोनवर समजावताना फार सोपं जातं.

सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात.

सिस्टिमडी-नेटवर्कडी (सिस्टिमडीचा नेट सांभाळणारा भाग) सगळ्या कार्डांची १२० सेकंद वाट बघतो आणि एकात तार नाही. वाट बघणाऱ्या सर्व्हिसला ‘--एनी’ द्या, किंवा त्या कार्डाला ‘आवश्यक नाही’ असं लिहा.

एकाच कार्डाला दोन पत्ते कसे आले?

दोन कारभारी. नेटवर्क मॅनेजर आणि सिस्टिमडी-नेटवर्कडी, किंवा जुना डीएचसीपीसीडी, दोघेही तेच कार्ड चालवतात. एकाला बंद करा.

दोन्ही लाइन जोडून वेग दुप्पट करता येतो का?

संगणकातून निघणाऱ्या जोडण्या (एकेक पान, एकेक डाउनलोड) दोन लाइनींवर वाटता येतात, त्यांतली एक फाडून दोन्हीकडून नेता येत नाही. आणि वाटल्या तर बँकेची साइट मध्येच पत्ता बदललेला बघून लॉगआउट करते. सेवा केंद्रात दाखला भरताना तेच. होमस्टेमध्ये पाहुण्यांना एक लाइन आणि ऑफिसला दुसरी, असं सरळ वाटप मला जास्त पटतं. एक बंद पडली तर दोघांना एकावर आणा. वाट बदलते त्या क्षणी चालू असलेला कॉल तुटेल आणि पुन्हा लावावा लागेल, ते टळत नाही.

कंपनीला फोन करण्याआधी हाताशी काय ठेवू?

वेळा. ‘सारखं जातं’ असं सांगितलंत तर राउटर बंद-चालू करा, असंच उत्तर मिळेल. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर मिनिटाला चालणारी एक ओळ ठेवा: प्रत्येक कार्डावरून एक पिंग त्याच्या राउटरला, एक बाहेर, आणि निकाल तारीख-वेळेसह फाइलमध्ये. आठवडाभर ठेवा. राउटरचं पिंग चालू आणि बाहेरचं बंद अशी पानंच्या पानं दिसली तर ती फाइल कंपनीच्या माणसासमोर ठेवा, त्याला बोलायला जागा उरत नाही.

आणि कधी फाइल तुम्हालाच वेगळं काही सांगते. तारकर्लीजवळच्या एका होमस्टेत लाइनबद्दल वर्षभर तक्रारी चालल्या होत्या. नोंदींत दिसलं की राउटरचं पिंगसुद्धा रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला दीड मिनिट बंद असतं. त्या वेळी विहिरीचा पंप चालू व्हायचा, व्होल्टेज खाली यायचं आणि राउटर रीस्टार्ट व्हायचा. राउटर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हलवला, त्यानंतरच्या फाइलमध्ये संध्याकाळची ती भोकं नाहीत.